तेल आणि ज्योत

गाफीलपणाला जपानी भाषेत ‘युदान’ म्हणतात. ‘युदान तैतेकी’, म्हणजे गाफीलपणा हाच मोठा वैरी, ही तिथली म्हण. शब्द लिहितात तो ‘तेल’ आणि ‘तुटणे’ या दोन चित्राक्षरांनी. व्युत्पत्तीबद्दल वाद आहेत. पण एक कथा आपल्याकडूनच, बौद्ध सूत्रांतून गेलेली. काठोकाठ भरलेले तेलाचे भांडे घेऊन गर्दीतून चालायचे, मागे उपसलेली तलवार. थेंब सांडला की शिर उडाले!

दुसरी कथा हिएई पर्वतावरच्या एन्रियाकुजी मठातील नंदादीपाची. तेलात खंड पडू द्यायचा नाही, हा तिथला नेम. तरी १५७१ साली दिवा विझला. भिक्षूंना डुलकी लागली म्हणून नव्हे. ओदा नोबुनागाने मठच जाळला. आज तेवते ती यामादेराहून परत आणलेली ज्योत. हिएईकरांनीच ती पूर्वी तिकडे दिली होती.