भातखाचरातला क्रॉफिश


आज जाऊया अमेरिकेत, लुइझियाना राज्यात.
गावाचं नाव ब्रो ब्रिज.
इथे मे महिन्याच्या सुरुवातीला क्रॉफिशचा उत्सव भरतो.
१९६० पासून.

क्रॉफिश म्हणजे कोलंबीएवढा जीव, पण पुढे खेकड्यासारख्या नांग्या.
आणि तो समुद्रातला नाही बरं का!
तो बहुतेक येतो भातखाचरातून.

भात कापून झालं, की शरद ऋतूत खाचरात पुन्हा पाणी सोडतात.
बिळांतले क्रॉफिश बाहेर येतात.
कुजत्या धसकटांवर पोसतात.
मग जाळीच्या सापळ्यांत सापडतात.
हो, भातखाचरातच!
आधी भात, मग क्रॉफिश. शेतकऱ्यांची ही हुशारी मला फार आवडते.

उत्सवात मोठाल्या पातेल्यांत तिखट पाणी खळखळत असतं.
त्यात क्रॉफिश, बटाटे, मक्याची कणसं.
शेपूट पिळून तोडायची, कवच सोलायचं, गर तोंडात टाकायचा.
भाताबरोबर हवं तर एटुफे घ्या. हा क्रॉफिशचा दाट रस्सा.

हे जेवण केजन लोकांचं.
त्यांचे फ्रेंच भाषक पूर्वज आजच्या कॅनडात राहत.
१७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना घरांतून हुसकावलं.
त्यांतले बरेच इथे येऊन वसले.
म्हणून केजन गाणी फ्रेंचमध्ये.
साथीला फिडल, अकॉर्डियन आणि लोखंडी त्रिकोण.

कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचं झायडेको संगीतही ऐकाच.
त्यात वादक छातीवर पन्हाळी पत्रा घालतो, आणि तो घासून ठेका धरतो.
पाय आपोआप हलू लागतात.

आणि हो, क्रॉफिश सोलताना डोळ्यांना हात लावू नका.
तिखट बोटांवर बराच वेळ राहतं.