टेलचे पाणी आणि जगाची बैठक
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



 माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याची सवय नाही. तेव्हा चुकले-माकले तर सांभाळून घ्या. विषय मात्र मोठा घेतला आहे. हवामान बिघडू नये म्हणून देशोदेशींची सरकारे एकत्र बसून वाटाघाटी करतात. त्या कामाचा पैसा सरकारांनी तोडला, तर काय होते? फळ्यावर हा विषय वाचून मागच्या रांगेत थोडे हसू झाले. “हिला ग काय करायचंय त्याचं?” असेही कोणी म्हणाले. मला त्याचे काय, तेच सांगायला मी उभी आहे.

माझे माहेर बारामतीकडचे आणि सासर इंदापूरकडचे. दोन्हीकडची शेते नीरा डाव्या कालव्यावर. हा कालवा १८८५ सालचा. भाटघर-वीरच्या धरणांचे पाणी तो आधी बारामती तालुक्याला पाजतो आणि मग इंदापुरात उतरतो. माहेरी आम्ही वरच्या अंगाला होतो. पाटाला पाणी आले, की वडील निवांतपणे दारे धरायला जात. सासरी आले आणि ‘टेल’ हा शब्द पहिल्यांदा कळला. टेलला पाणी येते ते वरच्यांचे भागल्यावर. कधी रात्री दोनला येते, कधी निम्मेच येते, कधी पाळी संपली तरी येतच नाही.

आता पाहा, माझा सख्खा भाऊ वरच्या अंगाला आहे. तो काही वाईट माणूस नाही. पण पाणी दारावरून वाहत असताना खालच्या बहिणीची आठवण काढून दार बंद करील, असा भाऊ मी अजून पाहिलेला नाही. म्हणून बैठक लागते. कालवा सल्लागार समिती बसते, आवर्तन ठरते, कोणाला किती दिवस ते कागदावर येते. तो कागद आहे म्हणून टेलच्या माणसाला बोलायला तोंड आहे. बैठक नसली तरी वरच्याचे काही अडत नाही. अडते ते खालच्याचेच.

जगाचेही असेच आहे, बायांनो. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन वायू हवेत जातो, आपल्याकडे सुमारे २ टन. धुराचा मोठा वाटा वरच्यांचा आणि भोग खालच्यांना. १९९२ साली देशांनी हवामानाचा करार केला, २०१५ साली पॅरिसचा केला, आणि दरवर्षी बैठक भरू लागली. ही जगाची सल्लागार समितीच समजा. तिथे आपण टेलचे.

“तिकडे विमानाने जातात, मेजवान्या झोडतात, निष्पन्न काय होते?” असे पुष्कळजण विचारतात. प्रश्न खोटा नाही. श्रीमंत देशांनी २००९ साली वचन दिले होते, की २०२० पासून गरीब देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलर मिळवून देऊ. ते त्यांच्याच हिशेबाने पुरे झाले २०२२ साली. २०२४ साली बाकूच्या बैठकीत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांचा आकडा ठरला, तेव्हा हे फार अपुरे आहे, असे भारताने भर सभेत सांगितले. पण सांगायला जागा होती, हे विसरू नका.

आणि निष्पन्न होतच नाही, असेही नाही. घरातला फ्रीज आठवा. पूर्वीच्या फ्रीजमधल्या वायूने आकाशातला ओझोनचा थर विरत चालला होता. १९८७ साली माँट्रियलला करार झाला. गरीब देशांनी नवा वायू आणायचा तर पैसा कोण देणार, यावर भारत आणि चीन अडून बसले. १९९० साली लंडनच्या बैठकीत त्यासाठी निधी मान्य झाला आणि १९९२ साली भारत करारात आला. २०१० पर्यंत तो जुना वायू जगातून जवळजवळ हद्दपार झाला, आणि ओझोनचा थर आता हळूहळू भरून येत आहे. आपल्याला पत्ताही लागला नाही. चांगल्या बैठकीचे हेच दुर्दैव. काम झाले, की कोणाला दिसत नाही.

आता मी माझीच एक चूक सांगते.

आपल्या मंडळातर्फे दोन बाया तालुक्याच्या पाण्याच्या बैठकांना जात असत. एस.टी.चे भाडे आणि चहापाणी मंडळ देई. २०२२ साली पाऊस मनासारखा झाला होता. हिशेबाच्या सभेत खर्च कमी करायचा विषय निघाला, तेव्हा “हे भाडे बंद करा, जाऊन येऊन नुसता चहा तर पितात,” असे म्हणणारी मीच होते. हातही सगळ्यांच्या आधी मीच वर केला. वाचलेल्या पैशांतून हळदीकुंकवाला स्टीलचे डबे वाटले. माझा डबा अजून फडताळात आहे.

पुढल्या वर्षी पावसाने दगा दिला. ३१ ऑक्टोबर २०२३ ला सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात बारामती आणि इंदापूर दोन्ही होते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला आणि पळसदेवचे जुने देऊळ पाण्याबाहेर उघडे पडले. कोणत्या गावची पिण्याची तळी कालव्यातून भरायची, त्याची यादी एका बैठकीत झाली. आपल्या वाडीचे नाव त्यात राहून गेले. मुद्दाम कोणी वगळले नाही. नाव सांगायला तिथे आपले कोणी नव्हते, एवढेच. नंतर अर्ज केला, हेलपाटे घातले, आणि तळे भरेपर्यंत पाच आठवडे आपण टँकर विकत घेतला. दोघींच्या वर्षाच्या भाड्यात जेवढे गेले असते, तेवढे दोन टँकरांत गेले. त्या पाच आठवड्यांत सासूबाईंनी मला एका शब्दाने टोकले नाही. तेच मला जास्त लागले.

म्हणून पुतणीने मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली, तेव्हा माझा हात तव्यावरच थांबला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या सरकारने पॅरिस करारातून बाहेर पडण्याचा हुकूम काढला, आणि वर्षाने, २७ जानेवारी २०२६ ला, ते बाहेर पडले. गरीब देशांसाठीच्या हरित हवामान निधीला कबूल केलेले ४ अब्ज डॉलर त्यांनी रद्द केले. परराष्ट्र खात्यातली हवामानाच्या वाटाघाटी पाहणारी कचेरी बंद केली. नोव्हेंबर २०२५ ला ब्राझीलमध्ये बेलेमला बैठक भरली, तिला त्यांचे शिष्टमंडळ गेलेच नाही. जानेवारी २०२६ मध्ये तर १९९२ च्या मूळ करारातूनच निघण्याचे जाहीर केले. एकट्या अमेरिकेला कशाला बोल लावायचा? ब्रिटननेही परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये ठरवले.

याने होते काय? एक तर, कराराच्या कचेरीचा पाचवा हिस्सा आणि वर थोडा एवढा खर्च अमेरिकेकडून यायचा. कोण किती धूर सोडतो त्याची वही ठेवणे, बैठक भरवणे, हे सगळे त्या कचेरीचे काम. वहीच नीट राहिली नाही, तर जाब कशाच्या आधारावर विचारायचा? दुसरे, गरीब देशांच्या प्रतिनिधींचे भाडे ज्या निधीतून देतात, तो देशांनी आपखुशीने दिलेल्या पैशावर चालतो. तो आटला, की टेलचा माणूस बैठकीला पोचतच नाही. भगिनींनो, हे तर आपलेच एस.टी.चे भाडे!

तिसरे आपल्या राज्यातले सांगते. २०१८ साली त्याच हरित हवामान निधीने आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर मंजूर केले. आपल्याकडे त्यात सिंधुदुर्ग आहे. समुद्र आत येऊ नये म्हणून खाडीकाठी कांदळवन लावायचे, आणि बायांना खेकडेपालनासारखे धंदे मिळवून द्यायचे, असे ते काम. पुढची अशी कामे याच निधीच्या झोळीतून व्हायची. झोळीत पडणारे कमी झाले, की रांग लांबते.

आणि तोवर पाऊस काही थांबून राहत नाही. दुष्काळ जाहीर होऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तोच २५ मे २०२५ ला बारामती-इंदापुरात असा पाऊस कोसळला, की पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवाच फुटला. ज्या कालव्याच्या पाण्याची आम्ही जन्मभर वाट पाहिली, तोच माहेरच्या रानांत शिरला. आमचा कांदा चाळीत भिजला, तो निवडताना मी आणि थोरल्या जाऊबाई रडलो. एका पावसावरून हवामान बदलले, असे शहाण्या माणसाने म्हणू नये. पण हवा एका अंशाने तापली, तर सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते, हे शास्त्रज्ञांचे मोजमाप आहे. ती वाफ कुठेतरी एकदम उतरणारच.

सासूबाई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात. अमेरिकेतून आलेला मायलो त्यांनी रांगेत उभे राहून घेतला आणि त्याच्या भाकरी थापल्या. त्या म्हणतात, “पोट भरलं, पण मान खाली घालून भरलं.” मदत आणि बैठक यांत हाच फरक आहे. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. बैठकीत आपण आपला वाटा मागतो.

मग आपण काय करायचे? आपण अमेरिकेला पत्र लिहिणार नाही. पण माळेगाव खुर्दला २००९ पासून दुष्काळ, क्षार आणि उष्णतेचा पिकांवर होणारा त्रास अभ्यासणारी केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे एकदा सहल काढू. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊस मुलींकडून वहीत लिहवून घेऊ. आणि कोणी मत मागायला आले, तर जगाच्या बैठकीत आपली बाजू मांडायला तुम्ही माणसे आणि पैसा ठेवता की नाही, हे विचारू. त्यांना नवल वाटेल. वाटू द्या.

शेवटी माझी एक सूचना आहे. बैठकीचे भाडे मंडळाने पुन्हा सुरू करावे, आणि ते सुकाळातही बंद करू नये. ज्या हाताने ते बंद केले, तोच हात मी आज वर करते आहे. पटत असेल त्यांनी आपलाही करावा.