आधी वाचक, मग पुस्तक
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेलं भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी कळंबला ही सोसायटी उभी राहिली तेव्हा पाण्याची टाकी आणि पार्किंग यांवर आपण काय काय भांडलो, ते इतर वक्ते सांगतीलच. माझ्याकडे सोसायटीच्या ऑफिसातल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली असते, म्हणून मी पुस्तकांवर बोलतो. त्यातही अद्भुत कादंबऱ्यांवर, म्हणजे जादूगार, राक्षस, तिलिस्म यांच्या गोष्टींवर. जन्मभर बँकेत आकडेमोड केलेल्या म्हाताऱ्याला हे कुठून सुचलं? माझ्या हातून एक चूक झाली, त्यातून सुचलं.

नातू सातवीत असताना मी त्याला वाढदिवसाला टॉल्कीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा जाडजूड मराठी अनुवाद दिला. मला स्वतःला ते फार आवडलं होतं. पोरानं पन्नास-साठ पानं वाचली आणि ठेवून दिलं. मी रोज विचारायचो, "कुठपर्यंत आलं?" शेवटी तो म्हणाला, "आजोबा, मला वाचन जमतच नाही." त्यानंतर वर्षभर त्यानं अभ्यासाशिवाय एक पुस्तक हातात धरलं नाही. मी मात्र सगळ्यांना सांगत फिरलो की मोबाईलनं पोरगं बिघडलं.

एकदा सूनबाई सहज म्हणाली, "बाबा, कर्ज देताना तुम्ही समोरच्याला काहीच विचारत नव्हता का?"

ते वाक्य लागलं. आपल्याकडे आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. त्याची वसुली ऊस कारखान्याला गेल्यावरच. म्हशीच्या कर्जाचा हप्ता दुधाच्या पगारातून जातो. दोघांना एकच हप्ता लावला तर खातं थकणारच, आणि चूक हप्ता ठरवणाऱ्याची असते. नातवाचं खातं मीच थकवलं होतं.

तेव्हापासून कपाटापाशी येणाऱ्याला मी तीन प्रश्न विचारतो. पहिला, शेवटची आवडलेली गोष्ट कुठली आणि तिच्यात काय आवडलं? सिनेमा, मालिका, आजीची गोष्ट, काहीही चालेल. दुसरा, एका बैठकीत किती वाचवतं? तिसरा, काय अजिबात नको?

उत्तरं ऐकली की पुस्तक निम्मं सापडतं. शाळा, मैत्री, खोड्या आवडणाऱ्याला 'हॅरी पॉटर आणि परीस'. ज्याला नकाशा पाहत लांबचा प्रवास करायला आवडतो त्याला टॉल्कीनच, पण आधी 1937 चा 'हॉबिट'. तो एकाच भागात संपतो. अंगठीची तीन भागांची कथा 1954-55 ची, ती आडसाली वाचकासाठी. पुराणातली माणसं नव्या रूपात पाहायची असतील तर अमीश यांची शिवाची कथा. हे लेखकही आधी आर्थिक क्षेत्रात नोकरी करत होते, म्हणून मला जरा जास्तच जवळचे!

आपल्या एक काकू म्हणायच्या, "असला पोरखेळ मला नको." पहिला प्रश्न विचारला तर म्हणाल्या, नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'चंद्रकांता' लागायची, तेव्हा त्या गॅसवरचं दूध उतू घालवायच्या. ती कथा देवकीनंदन खत्रींनी 1888 मध्ये लिहिलेली. मी त्यांना नाथमाधवांचं 'वीरधवल' दिलं. परत देताना विचारतात कशा, "असंच अजून आहे का?"

तिसरा प्रश्न एकदा विसरलो. एका मुलीला नारायण धारपांची भयकथा दिली. ती रात्रभर दिवा लावून बसली आणि सकाळी तिच्या आईनं मला जिन्यात गाठलं. धारप उत्तमच, पण भीतीची मजा वाटणाऱ्यालाच द्यावेत.

हे काही माझं संशोधन नाही. आपल्या देशातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यांतले दोन. मला ते सत्तरीत कळलं, आणि तेही नातवाचं एक वर्ष वाया घालवून.

नातवाला मी उशिरा विचारलं. तो म्हणाला, "मला गँग असलेली गोष्ट आवडते, आणि हसू आलं पाहिजे." हॅरीचा पहिला भाग त्यानं आठवड्यात संपवला आणि दुसरा स्वतः मागितला. टॉल्कीनचा जाड ग्रंथ अजून तसाच आहे. मी आता विचारत नाही. त्याची वेळ आली तर तो वाचेल, नाही आली तर मी आहेच.

पालकांना एवढीच विनंती. मुलानं पुस्तक अर्धवट टाकलं तर "तुला वाचनच जमत नाही" असं म्हणू नका, आणि त्यालाही म्हणू देऊ नका. पुस्तक बदला. कपाट सोसायटीचं आहे, किल्ली माझ्याकडे आहे, आणि बदलायला दंड नाही.