पासवर्ड कोणाकडे?



यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांतून आलेल्या तुम्ही संगणक शिक्षकांनी मला अध्यक्षपदाचा मान दिलात. रिवाजाप्रमाणे मी वर्षाचा आढावा घ्यायला हवा. पण स्मार्ट बोर्ड आणि टॅबवर सकाळच्या सत्रात भरपूर बोलून झालं आहे. मला बोलायचंय ते शाळेची मशीनं आणि इंटरनेट यांच्या मध्ये बसणाऱ्या प्रॉक्सी सर्व्हरवर. फार वर्षं पोटात ठेवलंय.

तरुण मित्रांना प्रॉक्सी म्हणजे पानं अडवणारं यंत्र वाटतं. पण १९९६ साली आलेला स्क्विड हा प्रॉक्सी मुळात पानं साठवणारा प्रोग्रॅम. एका टेलिफोन लाइनीवर अख्खी लॅब चालायची, तेव्हा एका मुलाने उघडलेलं पान तो डिस्कवर ठेवी आणि पुढच्याला तिथूनच देई. जोडीला प्रिव्हॉक्सी हा दुसरा प्रॉक्सी बसवला की जाहिराती उडत, पान हलकं होई. मी तर नियम लिहून इंग्रजी पानांतल्या अवघड शब्दांपुढे मराठी अर्थ टाकत असे. प्रॉक्सी हे मास्तरांचं हत्यार होतं. मग पानं गाळणारे तयार डबे आले. अडवायच्या पानांची यादी कंत्राटदाराची, पासवर्डही त्याचाच; आपल्याकडे राहिलं मशीनवरची धूळ पुसणं.

‘ठरवून दिलेल्या संकेतस्थळांपलीकडे काहीच उघडू देऊ नका,’ असं काल एक सहकारी म्हणाले. त्यांना मी २०१७चा खरीप आठवायला सांगतो. कपाशीवरच्या फवारणीने विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. माझ्या नववीतल्या एका मुलीचे वडील फवारणीला जात. कीटकनाशकाच्या डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाचा अर्थ तिला हवा होता. पान उघडेना, कारण त्यात ‘पॉयझन’ हा शब्द होता. जो शब्द डब्यावर छापायला कायदा सांगतो, तोच शाळेत बंद! कंत्राटदाराला फोन केला, तर म्हणे मेल करा. मेल केला. कपाशी वेचून झाली तरी उत्तर नाही. शेवटी मोबाइलवर पाहून मी फळ्यावर लिहिलं: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. माझ्या लेखी हा वाद तिथेच मिटला.

दुसरे मित्र म्हणतात, आता एचटीटीपीएसच्या कुलपामुळे प्रॉक्सीला फक्त संकेतस्थळाचं नाव दिसतं, आतला मजकूर नाही; म्हणून शाळेने आपलं प्रमाणपत्र प्रत्येक मशीनवर बसवून सगळं उलगडून वाचावं. अहो, माझ्या लॅबमध्ये मधल्या सुट्टीत शिक्षक पगाराचं खातं बघत. हे प्रमाणपत्र असतं, तर त्यांच्या बँकेचा पासवर्ड माझ्या सर्व्हरवर उघडा पडला असता. पानं हवी तशी घडवायचे माझे जुने दिवस त्या कुलपाने संपवले, याची हळहळ मलाही आहे. पण म्हणून कोणाची पत्रं फोडायची नाहीत.

याच यवतमाळात जानेवारी २०१९ मध्ये ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं. आपण स्टाफरूममध्ये केवढे तावातावाने बोललो! आपल्या लॅबमध्ये रोज पानं परत पाठवली जातात, त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. मुलांना घाणीपासून वाचवायला गाळणी हवीच, त्यावर माझं दुमत नाही. पण काय गाळलं, का गाळलं आणि दाद कोणाकडे मागायची, हे अडवलेल्या जागी मराठीत लिहिलेलं असलं पाहिजे. आणि अडलेलं पान त्याच तासाला मोकळं करायचा अधिकार वर्गातल्या शिक्षकाला हवा.

काय गाळायचं याची जिल्ह्याची एक सामाईक यादी करावी, मराठी पानांचा साठा करून तो नेट नसलेल्या शाळांपर्यंत पोचवावा, असं मनात आहे. कोणी, कधी, कशा पैशांत, ते कार्यकारिणीने बघावं. पुढच्या कंत्राटावर सही होण्याआधी मात्र मुख्याध्यापकांना एकच विचारा: पासवर्ड कोणाकडे राहणार? उत्तर ‘कंपनीकडे’ असं आलं, तर सही होऊ देऊ नका.