पोरगी कंपनीत लागली, पण कुणाच्या नावावर?

 

मागं एका गटाच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले आणि एक मावशी म्हणाल्या, "ताई, माझी धाकटी बारावी झाली. पुण्याकडं टीव्ही-मोबाईलचं सामान बनवणारी मोठी कंपनी आहे, तिथं जाते म्हणती. पाठवू का नको?"

लगेच दोन तट पडले. एक म्हणाली, "पोरीची जात, एवढ्या लांब कशाला?" दुसरी म्हणाली, "दिवसभर खुरपून काय मिळतं? जाऊ दे की."

मी गप्प बसले होते. कारण बी.ए. झाल्यावर मी स्वतः दोन वर्षं अशा एका मोठ्या कंपनीत काम केलंय. मावशींना जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते.

पहिल्या दिवशी गेटवर मोबाईल जमा केला. आत टोपी, कोट, वेगळ्या चपला मिळाल्या. मग मनगटाला पट्टा बांधला. त्याची वायर टेबलाला जोडलेली. मला वाटलं, बांधून ठेवतात की काय! लाईन लीडरनं समजावलं. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तसली वीज आपल्या अंगात साठते. आपल्याला कळतही नाही एवढ्या विजेनं बारीक चिप खराब होते. हा पट्टा ती वीज जमिनीत सोडतो.

माझं काम तपासणीचं. समोरून सर्किटच्या पाट्या यायच्या, भिंगाखाली धरून कथलाचे डाग नीट बसलेत का ते बघायचं. एक झाली की दुसरी, दिवसभर तेच. मान भरून यायची, डोळ्यांची आग व्हायची. लघवीला जायचं तर बदली बाई येईपर्यंत थांबायचं. म्हणून आम्ही पाणीच कमी प्यायचो, आणि मग त्याचा त्रास अंगावर काढायचो.

पण खोटं का बोलू? ते काम मला आवडायचं. नजर बसली की चूक लांबूनच दिसायची. बीड, लातूर, यवतमाळच्या मैत्रिणी मिळाल्या. पगार माझ्या नावाच्या खात्यात यायचा. पहिल्या पगारातून आईला गॅसची शेगडी घेतली, तेव्हा तिनं शेजारणींना बोलावून दाखवली होती.

माझं दुखणं निघालं ते गेटच्या बाहेर. गावात सगळे म्हणायचे, पोरगी कंपनीत आहे. पण माझ्या ओळखपत्रावर खाली बारीक अक्षरात ठेकेदाराचं नाव होतं. ते मी कधी नीट वाचलंच नाही. दर महिन्याला पावतीवर पीएफ कापलेला दिसायचा. नोकरी सोडल्यावर पैसे काढायला गेले, तर चोवीस महिन्यांपैकी अकराच महिन्यांचे भरलेले. ठेकेदाराच्या ऑफिसला कुलूप. कंपनीच्या गेटवर सांगितलं, तुम्ही आमच्या नाहीच. ठेकेदारानं पीएफ भरला नाही तर कायद्यानं मूळ कंपनी जबाबदार असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी तक्रार केली नाही. आईला सांगायचीसुद्धा लाज वाटली.

असं गेटबाहेरचं दुखणं माझ्या एकटीचं नाही. तमिळनाडूत चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनचा कारखाना आहे. तिथं आयफोन जुळवतात आणि कामाला बहुतेक तरुण मुली. २०२१ च्या डिसेंबरात तिथल्या एका वसतिगृहात जेवणातून विषबाधा झाली, २५० हून जास्त मुली आजारी पडल्या. एकेका खोलीत दाटीवाटीनं जमिनीवर झोपायचं, पाण्याचे हाल. त्या मुली चेन्नई-बंगळूर हमरस्त्यावर येऊन बसल्या. कारखाना बंद ठेवावा लागला, तो जानेवारीत उघडला. काही वसतिगृहं आणि जेवणाच्या जागा ठीक नव्हत्या, हे ॲपल कंपनीलाही मान्य करावं लागलं. आत धुळीचा कण चालत नाही, आणि मुलगी झोपते कुठं ते मात्र कुणी बघत नाही.

म्हणून मावशींना मी म्हटलं, पोरीला अडवू नका, पण विचारल्याशिवाय पाठवू नका. ओळखपत्रावर आणि पगाराच्या पावतीवर कुणाचं नाव आहे? कंपनीचं की ठेकेदाराचं? पावती दर महिन्याला मिळते का? पीएफचा बारा आकडी नंबर घ्या आणि उमंग ॲपवर दर दोन-तीन महिन्यांनी पैसे जमा झालेत का ते बघा. पगारातून बारा टक्के कापतात, मालकालाही तेवढेच भरावे लागतात. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयचं कार्डही मागून घ्या, दवाखान्याला ते उपयोगी पडतं. ओव्हरटाइमला कायद्यानं दुप्पट दर आहे. खोलीत किती मुली, पाणी कसं, रात्रपाळीची बस दारापर्यंत येते का? आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं, बाईला त्रास झाला तर दाद मागायला समिती असावीच लागते, २०१३ चा कायदा आहे. त्या समितीतल्या बायकांची नावं पोरीला माहीत पाहिजेत.

मावशींची धाकटी गेली. भाडं आणि अनामतीसाठी गटानं कर्ज दिलं. पहिल्या पगाराची पावती तिनं व्हॉट्सॲपवर पाठवली, ती आम्ही बैठकीत मोठ्यानं वाचली. ठेकेदाराचं नाव, पत्ता, पीएफचा नंबर, सगळं गटाच्या वहीत उतरवून घेतलं. मावशींना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "आता पोरीचं एकटीचं राहिलं नाही, गटाच्या वहीत आलं."

तुमच्या गटातल्या कुणाची लेक, सून, बहीण कंपनीत असेल, तर पुढच्या बैठकीत तिच्या नावाचं एक पान काढा. पीएफला तीन महिन्यांचा खंड दिसला, तर लगेच पीएफ ऑफिसात तक्रार करा. मी गप्प बसले, तुम्ही बसू नका.

येते आता. नमस्कार.