हांक, पोंच आणि बोल

कात्रजचा तलाव आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, तेथून बंदिस्त नळानें पाणी आणून तें शनिवारवाड्यांत आणि पेठांतील हौदांत सोडलें गेलें. त्या नळावर ठिकठिकाणीं उभीं तोंडें ठेवलीं होतीं. त्यांचें नांव उच्छ्वास! कोंडलेली हवा बाहेर सोडणाऱ्या जागेस याहून नेमका शब्द कोणता सुचला असता?

मला आज बोलावयाचें आहे तें आवाजाच्या जाळ्याविषयीं. कात्रजच्या एखाद्या घरांत आजी बसली आहे आणि परदेशांतून नातीचा फोन येतो. घंटा वाजते, आजी फोन उचलते, पण पलीकडून एक शब्दहि येत नाहीं. नात मात्र तिकडे आजीचें ‘हॅलो, हॅलो’ स्वच्छ ऐकत असते. पोर अबोला धरून बसली, असें आजीच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. घंटा पोंचली, मग बोल कोठें अडला?

तर हांक आणि बोल हे दोन निरनिराळ्या वाटांनीं जातात. हांकेच्या व्यवहारास संकेतन म्हणतात. त्याची एक सर्वमान्य पद्धति ‘सिप’ या आद्याक्षरी नांवानें ओळखली जाते. तिचा मुख्य मसुदा जून २००२ मध्यें प्रसिद्ध झाला. आपल्या देशांत इंटरनेटवरून बोलण्यास मुभा मिळाली, तीहि त्याच वर्षींच्या १ एप्रिलपासून. या पद्धतींत प्रथम आवतण जातें. ‘खटपट चालू आहे’, ‘घंटा वाजते आहे’, ‘ठीक’ अशीं उत्तरें क्रमानें येतात. हांक मारणारा शेवटच्या उत्तराची पोंच देतो, आणि बोलणें संपलें कीं निरोप. आवतण, पोंच, निरोप! हे शब्द घडविण्यास कोणतीहि समिति बसवावी लागली नाहीं. ‘दूरध्वनि’ हा शब्द सावरकरांच्या नांवावर सांगितला जातो, आणि तो चांगलाच आहे. पण घरांत असलेलें नाणें आधीं चालवावें, असें माझें मत आहे. हातांतील फोनवरच्या कित्येक सोयी स्वतःची निराळी सांकेतिक भाषा वापरतात, तरी मांडणी बहुतेक हीच.

बोलाची तऱ्हा वेगळी. जुन्या पण अजून चालू असलेल्या एका रीतींत आवाजाचे दर सेकंदास ८००० नमुने घेतात. त्यांतील १६० नमुन्यांचें, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचें, एक पुडकें बांधून त्यावर अनुक्रमांक घालून तें रवाना करतात. उशिरा आलेलें पुडकें सरळ टाकून देतात, कारण वाक्य पुढें गेल्यावर मागचें अक्षर काय कामाचें? एका बाजूचा विलंब सेकंदाच्या सुमारें सातव्या भागाच्या आंत राहिला, तर संभाषण सहज वाटतें.

आतां आजीची अडचण. घरच्या जाळ्यांतील प्रत्येक यंत्रास घरापुरताच पत्ता असतो. ‘माजघर, डावीकडचा कोनाडा’ एवढाच पत्ता कोणी परगांवीं कळविला, तर टपालवाला पत्र कोठें टाकील? फोन उचलतांना आजीचें यंत्र नेमका असला पत्ता कळवितें. आवतण आणि पोंच ओळखीच्या मध्यस्थाकरवीं फिरत असल्यानें बिनबोभाट पोंचतात; बोल मात्र सरळ त्या कोनाड्याच्या शोधांत निघतो आणि वाटेंत हरवतो. आजीचा आवाज नातीपर्यंत गेला, कारण त्या बाजूचा पत्ता खरा होता.

यावर उपाय दोन आहेत. ‘मी बाहेरून कोणत्या दारीं दिसतों?’ असें यंत्रानें बाहेरच्या एखाद्या साह्यकर्त्यास विचारून तोच पत्ता कळवावा. तेंहि न साधल्यास दोहोंकडचे बोल एका मधल्या ठाण्यावरून वळवावे. थोडा विलंब वाढतो, पण बोल पोंचतो. ही तजवीज सोय पुरविणाराची आहे, आजीची नव्हे. तिनें फोन ठेवून घरच्या वायफायऐवजीं मोबाइलच्या जाळ्यावरून पुन्हां लावून पाहावा. बरेचदा तेवढ्यानें काम होतें. आणि तेंहि न झालें, तर नातीवर रुसण्यापूर्वीं दोन ओळींचा निरोप टंकून पाठवावा.