चिखलातली वस्ती



कामगारांच्या सभांतून बोलणारी आमच्यासारखी माणसे माशांविषयी काय सांगणार, असे आपणांस वाटेल. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. पण ठाण्याच्या खाडीकाठी कंत्राटी मजुरांची संघटना बांधताना आमची निवटीशी ओळख झाली.

ती अशी. खाडीकाठच्या एका जागेवर भराव पडत होता. मातीच्या गाड्यांवरची माणसे आमच्या संघटनेची. त्यांच्या मजुरीसाठी झालेल्या बैठकीत एका साहेबाने नकाशावर बोट ठेवून सांगितले, "येथे कोणीच राहत नाही." मागे बसलेली एक कोळीण मावशी म्हणाली, "सायेब, उद्या ओहोटीला या. कोन ऱ्हातं ते दाखवते."

साहेब आले नाहीत, आम्ही गेलो. पाणी ओसरून चिखल उघडा पडला होता. आम्ही गुपचूप उभे राहिलो. घटकाभरात बिळाबिळांतून डोळे वर आले. मग मासे बाहेर निघून परांच्या रेट्याने चिखलावर सरकू लागले, उड्या मारू लागले. मावशीने कोपरापर्यंत हात बिळात घातला आणि निवटी काढली. याच कमाईवर तिची मुले वाढली होती.

निवटी ही गोबी माशांच्या गोतातली. हे बहुधा बोटभर लांबीचे, तळाशी राहणारे मासे. पोटाखालचे दोन पर जुळून वाटीसारखे झालेले, ही त्यांची खूण. निवटी ओल्या कातडीतून हवेतला प्राणवायू घेते आणि डोके डावीउजवीकडे फिरवीत चिखलावरचे सूक्ष्म शेवाळ खरवडून खाते. तिच्या जपानातल्या एका भाऊबंदाचा नर तोंडात हवा भरून बिळातल्या अंड्यांपर्यंत नेतो. पिल्ले तयार झाली की रात्रीच्या भरतीला तीच हवा बाहेर काढतो. पाणी आत शिरते आणि अंडी फुटतात. रात्रपाळ्या आम्ही पुष्कळ पाहिल्या, पण अशी चोख पाळी विरळा!

मुंबईच्या उच्च न्यायालयाने 2005 साली आणि पुन्हा 2018 साली खारफुटी तोडण्यास मनाई केली. ठाण्याच्या खाडीत 2015 साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले. 2022 साली त्या खाडीला रामसर स्थळाचा मान मिळाला. हे चांगलेच झाले. परंतु तोडलेल्या झाडाचा बुंधा तरी मागे राहतो. बुजलेल्या बिळाची खूण कोठे राहते?

आणि बिळे बुजवणारे हात आमचेच होते. गाडीमागे किती पैसे मिळणार, यासाठी आम्ही भांडलो. गाडी कोठे रिकामी होणार, हे विचारले नाही. ही चूक आमची. आता मजुरीच्या आधी तोच प्रश्न विचारतो. त्यापायी काही कामे गेली, काही सोबतीही रागावले. त्यांच्या घरी चूल पेटली पाहिजे, हेही खरेच. पण मावशीच्या घरीही चूल आहे.

कोणी जागा रिकामी आहे म्हणाले, तर आपणही एकदा ओहोटीच्या वेळी तेथे जाऊन यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.